मदत हवी आहे: ८ ग्रे रेडिएशन देऊनही उंदरांच्या गाठी वाढतच आहेत

अस्वस्थपेशी: बाल्ब-सी उंदीर, ४टी१ (उंदराच्या स्तनकर्करोगाच्या) पेशी मांडीत टोचल्या, गाठ ६-७ मिमी झाल्यावर एकदाच ८ ग्रे. बारा दिवस झाले, कंट्रोल आणि रेडिएशन गटात फरक नाही. सोमवारी पुढची बॅच. डोस १२ करू का? लवकर सांगा.

वाळवंट: मशीन कोणतं? ऊर्जा?

अस्वस्थपेशी: हॉस्पिटलचं लिनॅक (रुग्णांना रेडिएशन द्यायचं मशीन), रात्री आठनंतर मिळतं. ६ एमव्ही. डोसचं सांगा ना.

किरणोत्री: सरळ ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी पदार्थ वापरा. ट्रॉम्बेलाच तयार होतं, बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच जातात, गाठीबाहेर इजा कमी. आम्ही डोटाटेटवर (त्याला गाठीपर्यंत नेणाऱ्या रेणूवर) छान काम केलं.

भौतिकवही: ४टी१वर सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर पुरेसे आहेत का, हे आधी बघायला नको? नसतील तर डोटाटेट धरून राहणार कशाला? आणि मूत्रपिंडांवरचा डोस? विचारलंय काय, सांगताय काय.

किरणोत्री: मूत्रपिंडं वाचवायला लायसिन-आर्जिनिन ही अमिनो आम्लं देतात, माहीत आहे मला.

भौतिकवही: @अस्वस्थपेशी, बोलस (कातडीवर ठेवायचा मेणासारखा थर) ठेवला होता का? ६ एमव्हीचा पूर्ण डोस साधारण १.५ सेंमी खोलीवर येतो. तुमची गाठ कातडीलगत, तिथे तो कितीतरी कमी. शिवाय २ सेंमीच्या फील्डला १० बाय १० सेंमी फील्डचा आउटपुट (मशीन देतं तो डोस) धरला असेल तर आणखी घोटाळा. कागदावरचे ८ गाठीत पोचलेच नसतील. डोस वाढवून पायाखालचं आतडं मात्र भाजेल.

मायेचीऊब: भूल देताना उंदीर गरम पॅडवर ठेवता ना? गार पडला की रक्तपुरवठा घटतो. ऑक्सिजन नसलेल्या पेशींना अडीच-तीनपट डोस लागतो. आमचा अख्खा गट यातच गेला होता.

वाळवंट: कोबाल्टचं मशीन मिळालं तर? त्यातल्या भाभाट्रॉनचा पूर्ण डोस अर्ध्या सेंमीवर येतो.

भौतिकवही: चालेल, पण बोलस हवाच.

अस्वस्थपेशी: बोलस नव्हता. पॅडही नव्हतं. उंदीर नुसते ट्रेवर. मेण चालेल का? शुक्रवारी तासभर मशीन आहे. डोस मोजायची गॅफक्रोमिक फिल्म गाठीवर लावू की खाली?

भौतिकवही: मेण चालेल, १.५ सेंमी जाड, मध्ये हवा राहू देऊ नका. फिल्म दोन्हीकडे. आणि शुक्रवारी उंदीर नेऊ नका, आधी मेणाच्या ठोकळ्यावर मोजा. आकडे इथे टाका, मग सोमवारचं बोलू.