पोस्टग्रेस: सहा एक्स्टेन्शनचं एकच पॅकेज करावं की सहा वेगळी?

गाठोडं: पोस्टग्रेस डेटाबेससाठी आम्ही लिहिलेली सहा एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायच्या जादा सोयी) आहेत. चार निव्वळ एसक्यूएलची, एक सीमधलं, एक पीएल-पायथनवर (डेटाबेसच्या आत पायथन चालवणारा भाग) चालणारं. सर्व्हर डेबियन लिनक्सचे, पोस्टग्रेस १५ आणि १७ दोन्ही. सगळ्यांचं एकच डेब (डेबियनचं इन्स्टॉल करायचं) पॅकेज केलं तर नको ती एक्स्टेन्शनही प्रत्येक डेटाबेसमध्ये शिरतील का?

साखळी_दुवा: नाही. पॅकेज फक्त फाइली डिस्कवर ठेवतं: कंट्रोल फाइल (आवृत्ती वगैरे माहितीची) आणि एसक्यूएल स्क्रिप्ट शेअरखालच्या एक्स्टेन्शन फोल्डरमध्ये, डॉट-एसओ (सीमधून बांधलेली लायब्ररी फाइल) लिब फोल्डरमध्ये. डेटाबेसमध्ये काय जाणार हे 'क्रिएट एक्स्टेन्शन' ठरवतं, तेही प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळं.

त्यामुळे संख्या बघू नका, डिपेन्डन्सी बघा. पायथनचं तेवढं वेगळं काढा, नाहीतर एका एक्स्टेन्शनपायी प्रत्येक सर्व्हरवर पीएल-पायथन ओढलं जाईल. डेबियननेही हेच केलंय: पोस्टग्रेस १० पासून कॉन्ट्रिबची (पोस्टग्रेससोबत मिळणारी जादा) मॉड्यूलं सर्व्हरच्याच पॅकेजात येतात, पीएल-पायथन मात्र वेगळं.

१५ आणि १७ ची पॅकेजं वेगळीच लागतील. एका मेजर आवृत्तीसाठी बांधलेलं डॉट-एसओ दुसरीत लोडच होत नाही, आणि एसक्यूएलवाल्यांचे फोल्डरही आवृत्तीनुसार वेगळे असतात. सोर्स एकच ठेवा. 'पीजी-बिल्डएक्स्ट' हे डेबियनचं साधन त्यातून दोन्ही बांधून देतं.

जुनी_स्क्रिप्ट: पॅकेजिंगपेक्षा आवृत्त्यांमध्ये जास्त लोक अडकतात. एकदा बाहेर गेलेल्या १.० च्या स्क्रिप्टला हात लावायचा नाही. बदल 'साठा--१.०--१.१' अशा नावाच्या अपडेट स्क्रिप्टमध्ये ('साठा' म्हणजे एक्स्टेन्शनचं नाव; हायफन दोन, एक चालत नाही), आणि कंट्रोल फाइलमधला 'डीफॉल्ट व्हर्जन' १.१ करा. पोस्टग्रेस १० पासून १.० ची मूळ स्क्रिप्ट आणि अपडेटची साखळी एवढ्यावर नवं इन्स्टॉलेशनही होतं, १.१ ची पूर्ण स्क्रिप्ट वेगळी लिहावी लागत नाही.

सीमधल्याला आणखी एक खोच आहे. 'ॲप्ट अपग्रेड' झालं की डॉट-एसओ नवं, पण 'ऑल्टर एक्स्टेन्शन अपडेट' चालवेपर्यंत डेटाबेसमधली व्याख्या जुनीच. मधल्या काळात कोणी जुनं फंक्शन बोलावलं आणि तुम्ही ते सीमधून काढून टाकलेलं असलं, तर फंक्शन फाइलमध्ये सापडत नाही अशी एरर येते. जुन्या नावाचं फंक्शन ठेवा, आतून नुसती नीट समजेल अशी एरर द्या.

गाठोडं: कळलं. सीमधलं बांधताना मेक (बिल्डची कमांड) 'क्लँग सापडत नाही' म्हणून थांबतं. कोडमध्ये तर क्लँग या कंपायलरचं काहीच नाही.

साखळी_दुवा: सर्व्हर एलएलव्हीएमसकट (कंपायलरची लायब्ररी) बांधलेला असला की पीजीएक्सएस (एक्स्टेन्शन बांधायची पोस्टग्रेसची मेक-यंत्रणा) जेआयटीसाठी, म्हणजे क्वेरी चालतानाच मशीन कोड बनवण्यासाठी, बिटकोडही (एलएलव्हीएमचं मधलं रूप) बनवायला जातं, म्हणून. क्लँग टाका, किंवा मेकला 'विथ-एलएलव्हीएम' नो द्या. बिटकोड नसला तरी एक्स्टेन्शन चालतं, जेआयटीला त्यातली फंक्शनं इनलाइन करता येत नाहीत इतकंच.

जुनी_स्क्रिप्ट: १५ वरून १७ ला 'पीजी-अपग्रेड'ने (मेजर आवृत्ती बदलायचं पोस्टग्रेसचं साधन) जाणार असाल तर आधी १७ ची पॅकेजं टाका. सीचं डॉट-एसओ नसेल तर त्याच्या सुरुवातीच्या चेकमध्येच अडकतं, ते बरं. निव्वळ एसक्यूएलवाल्यांच्या फाइली नसल्या तरी अपग्रेड गुपचूप पार पडतं, कारण त्या वेळी एक्स्टेन्शनची स्क्रिप्ट चालवलीच जात नाही. मग कधीतरी डम्प रिस्टोअर करताना 'क्रिएट एक्स्टेन्शन'वर आपटतं. १७ वर 'पीजी-अव्हेलेबल-एक्स्टेन्शन्स' व्ह्यूमध्ये सहाही दिसताहेत का ते आधीच बघून घ्या.