वाटी नको, पसरट ताटली ठेवा

दादा, अंडी उबवायच्या पेटीत विसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं कवचातच मरतात म्हणता, आणि सल्ला मिळाला तापमान वाढवायचा. तसं करू नका. पंखा बसवलेल्या थर्माकोल पेटीत ३७.५ अंश पुरे. आधी पेटीवरचा आकडा खरा आहे का, ते घरातला ताप मोजायचा थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवून ताडून बघा.

आपल्या जळगावकडे मे महिन्यात पारा ४४ वर, हवा कोरडीठाक. खरी गोची ओलाव्याची. वाटीत पाणी कितीही खोल भरा, फरक पडत नाही, पाण्याचा पृष्ठभाग मोठा हवा. पहिले १८ दिवस ओलावा ४५-५० टक्के, मग शेवटचे तीन दिवस ६५-७०. त्यासाठी शेवटी ओला स्पंज जोडा. आणि त्या तीन दिवसांत झाकण उघडून डोकावायचं नाही! माझी पहिली खेप ह्याच हौसेपायी गेली. पेटी कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका.