१० बाय ९ ची बेडरूम: पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल कसं बसवावं?

रानजाई:
डोंबिवलीत वनबीएचके. बेडरूम १० फूट लांब, ९ फूट रुंद. दार ९ फुटी भिंतीत उजव्या कोपऱ्यात, आत उजव्या भिंतीकडे उघडतं. खिडकी समोरच्या भिंतीला. पलंग ६ बाय साडेसहाचा, कपाटाचं दार त्याला अडकतं. दहावीतल्या मुलीला याच खोलीत टेबल हवंय. सुतार फॉल्स सीलिंग आणि मोठे आरसे सुचवतोय. काय करावं?

ओळंबा:
फॉल्स सीलिंग आधी रद्द करा. उंचीतले चार-सहा इंच जातात, पंखाही तेवढाच खाली येतो.

आता मापं. लांबी १२० इंच. कपाट दाराच्याच भिंतीला, डाव्या कोपऱ्यापासून सहा फूट रुंद. सरकत्या दारांसकट ते २६ इंच जागा खाईल, उरले ९४. पलंगाचं उशाकडचं टोक डाव्या भिंतीला आणि लांब कड खिडकीकडे ठेवा. ६ फुटी पलंग राहिला तर कपाट आणि पलंगामध्ये जेमतेम २२ इंच. ड्रॉवर ओढला की उभं राहायला जागा नाही. ५ फुटी घेतलात तर ३४ इंच मिळतात आणि पायथ्याशी ३० इंचांची वाट राहते. त्या एका फुटासाठी पलंग बदलाच.

यात एक गैरसोय आहे: खिडकीकडे झोपणाऱ्याला पायथ्याकडून उतरावं लागेल. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवू मात्र नका, दोन-तीन इंच सुटा ठेवा. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि गादीच्या कडेला बुरशी येते.

ऑर्डर देण्याआधी सगळं खडूने जमिनीवर आखा आणि दार उघडून बघा. माप स्कर्टिंगपासून (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीपासून) घ्या. दोन्ही बाजूंचं मिळून सहज इंचभर कमी भरतं.

रंधा:
ओळंबा यांच्याशी सहमत. कपाट खिडकीसमोर येतंय, त्यामुळे आरसा लावायचाच तर एका सरकत्या दारावर लावा, खिडकीचा उजेड खोलीत परत येईल. पण वजन धरून चला: ७ बाय ३ फुटांच्या दारावर ५ मिमीचा आरसा म्हणजे जवळपास २४ किलो, प्लायचं वजन वेगळं. दुकानात रोलर घेताना दाराचं एकूण वजन सांगा, नाहीतर काही महिन्यांत दार खाली बसून ट्रॅकला घासायला लागतं. आरसा चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन मागा. आंबट वासाचं सिलिकॉन मागचा लेप खातं आणि काळे डाग पडतात.

दाराला लॅमिनेट फक्त बाहेरून लावू देऊ नका. आतून लायनर (आतल्या बाजूचं पातळ लॅमिनेट) हवाच, एकाच बाजूला लॅमिनेट असलं की सात फुटी प्लाय हमखास वाकतो. दोन दारं मध्ये एकमेकांवर येतात, तिथे ड्रॉवर ठेवला तर तो उघडताना दुसऱ्या दारावर आपटेल. ड्रॉवर दोन्ही टोकांना घ्या.

रानजाई:
खूप आभार! टेबल कुठे बसेल? आणि हायड्रॉलिक पलंग (पंपावर फळी वर उचलून आत सामान ठेवायचा) घ्यावा का?

ओळंबा:
टेबल उजव्या भिंतीला, उघड्या दाराच्या पुढे. दार तिथले ३० इंच घेतं, त्यानंतर अडीच फूट लांब आणि १८ इंच रुंद घडीचं टेबल बसतं. उंची २९-३० इंच. खुर्ची कपाट-पलंगाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात येते, म्हणून मुलगी अभ्यासाला बसली की दारापासून पलंगाच्या पायथ्याकडे जायची वाट अडते. अभ्यास झाला की टेबलाची घडी करा, खुर्ची बाजूला घ्या.

घडीचे ब्रॅकेट लावण्याआधी भिंत कसली आहे ते बघा. ड्रिलमधून पांढरट, हलकी भुकटी आली तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. त्यात साधा प्लास्टिक प्लग काही दिवसांत सैल होतो, कारण मुलं टेबलाच्या कडेवर कोपर रेलून बसतात आणि वरचा स्क्रू सतत ओढला जातो. तिथे केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून घट्ट बसवायचा बोल्ट) वापरा.

रंधा:
हायड्रॉलिक पलंग जरूर घ्या. ड्रॉवरचा पलंग इथे निम्मा वाया जाईल, खिडकीकडचे ड्रॉवर उघडणारच नाहीत. गादी मात्र आधी ठरवा. पंपावर न्यूटनचा (उचलण्याच्या ताकदीचा) आकडा छापलेला असतो, तो गादी आणि फळीच्या वजनाला जुळायला हवा. काथ्याच्या जड गादीला कमी ताकदीचा पंप लावला तर फळी वर टिकत नाही, अंगावर येऊ शकते. हलक्या फोमखाली जास्त ताकदीचा लावला तर ती नीट खाली बसत नाही. पलंगाच्या तळाला बोटभर जाडीची दोन-चार भोकं पाडून घ्या, नाहीतर आतल्या गोधड्यांना जुलैत कुबट वास येतो.