मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्डाला वॉटर कूलिंग, २४० चं घेऊ की ३६० चं?

टिळकवाडी_थ्रीडी:
कार्ड फार तापालंय. रेंडर लावला की दहा-पंधरा मिनिटांत क्लॉक (चिपचा वेग) खाली येतो आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ लागतो. पंखे शंभर टक्क्यांवर ठेवले तरी तेच. वॉटर कूलिंग करायचं ठरलंय, त्यामुळे "करू नका" असं कुणी सांगू नका. पाणी थंड करणारा रेडिएटर २४० मिमीचा घेऊ की ३६० चा? कामं अडकलीत, आजच ऑर्डर टाकायची आहे.

घटप्रभा_काठ:
कार्ड कुठलं ते लिहिलंच नाही की. कॅबिनेट कुठलं, पॉवर सप्लाय किती वॅटचा, आणि "तापालंय" म्हणजे कुठला आकडा किती? कोअर (मुख्य चिप), हॉटस्पॉट (तिच्यातली सगळ्यात तापलेली जागा) आणि मेमरी ही तीन वेगळी तापमानं आहेत. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही दिसतात.

खानापूर_रोड:
३६० च घ्या. मोठा रेडिएटर कधी वाया जात नाही. पंखे हळू फिरतात, आवाज कमी होतो.

टिळकवाडी_थ्रीडी:
आरटीएक्स ३०८०, १० जीबी. सेकंडहँड घेतलंय. कोअर ७६ आहे. बाकीचे आकडे कशाला पाहिजेत? रेडिएटरचं विचारलंय.

घटप्रभा_काठ:
कोअर ७६ ला ३०८० क्लॉक एवढा सोडत नाही, म्हणून विचारतोय. या कार्डावर जीडीडीआर६एक्स मेमरी आहे. तिचं जंक्शन (चिपच्या आतलं) तापमान ११० ला गेलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. रेंडर वीस मिनिटं चालू ठेवून "मेमरी जंक्शन" आणि "हॉटस्पॉट" बघा. सोबत कार्डाच्या मागच्या स्टिकरचा आणि वरच्या कडेचा फोटो टाका, पॉवरचे प्लग दिसतील असा.

अथणी_हार्डवेअर:
एवढं कशाला? १२० चा साधा एआयओ (पंप आणि रेडिएटर जोडूनच आलेला तयार कूलर) घ्या, ब्रॅकेट लावून कोअरवर बसवा. प्रोसेसरवाला एआयओच चालतो. कमी खर्चात काम होतं, कस्टम लूपची, म्हणजे सुटे भाग जोडून पाणी फिरवण्याची कटकट नाही.

टिळकवाडी_थ्रीडी:
बघितलं. मेमरी जंक्शन १०८, मध्येच ११०. हॉटस्पॉट ८९. फोटो टाकलाय. तीन पंख्यांचं कार्ड आहे, पॉवरचे आठ पिनांचे तीन प्लग.

घटप्रभा_काठ:
मग दुखणं मेमरीचं आहे, कोअरचं नाही. कोअर आणि हॉटस्पॉटमध्ये १३ अंशांचा फरक ठीकच आहे, पेस्ट चांगली बसलीय. मेमरीची उष्णता हीटसिंकला देणारे पॅड वाळलेत किंवा नीट टेकत नाहीत.

आप्पा, तुमचा एआयओ इथं उलट काम करेल. ब्रॅकेटवर पंप बसवला की मूळ हीटसिंक निघतो, आणि मेमरीच्या दहा चिप्स व व्होल्टेज सांभाळणारे व्हीआरएम उघडे पडतात. कोअर ५५ ला येईल, मेमरी मात्र आत्तापेक्षा तापेल. चिकट हीटसिंक लावून पंखा रोखला तरी जीडीडीआर६एक्सला ते पुरत नाही. जुन्या जीडीडीआर५ च्या कार्डांवर हा उपाय चालायचा.

अथणी_हार्डवेअर:
पुरत नाही असं सरसकट नको. चिपवर १४ मिमीचे तांब्याचे हीटसिंक आणि वरून १२० चा पंखा दिला तर चालतं. गेम खेळणाऱ्यांच्या कार्डांवर चालतंच.

घटप्रभा_काठ:
गेममध्ये भार चढ-उतार होतो. रेंडरमध्ये तासनतास सपाट भार. दोन्ही एक नाही.

उद्यमबाग_फिटर:
कार्डावर बसणारा पाण्याचा ब्लॉक बाहेरून कशाला मागवता? आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत एवढी व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग) मशिनं पडलीत. इलेक्ट्रोलाइटिक तांब्याची १२ मिमीची पट्टी घ्या, कोअरच्या जागी स्लिटिंग सॉनं अर्ध्या मिमीच्या खाचा पाडा, वर १० मिमी ॲक्रिलिक. ओ-रिंग २ मिमीची असेल तर खोबण दीड मिमी खोल ठेवा, म्हणजे पाव भाग दाबला जातो. फिटिंगचा "जी" पाव इंचाचा आटा म्हणजे आपला पाव इंच बीएसपी, इंचाला १९ आटे. हायड्रॉलिकवाल्या कुठल्याही दुकानात टॅप मिळेल.

घटप्रभा_काठ:
दादा, खाचा पाडणं तुम्हाला जमेल यात शंका नाही. अवघड आहे ती उंची. कोअरचा पृष्ठभाग, मेमरी चिप, वीजपुरवठ्याचे चोक आणि मॉस्फेट, प्रत्येकाची उंची वेगळी. ब्लॉकला त्या पायऱ्या मिमीच्या दशांशात जमल्या पाहिजेत. मेमरीची पायरी ०.३ मिमी उंच झाली की पॅड दबत नाही, ब्लॉक कोअरवर तिरका बसतो, आणि कोअरचा कोपराही तुटू शकतो. एका कार्डासाठी मोजमाप, प्रोग्रॅम आणि ट्रायल धरलं तर तयार ब्लॉक स्वस्त पडतो.

उद्यमबाग_फिटर:
उंची हाइट गेजवर मोजता येते की. पण एका नगासाठी परवडत नाही हे खरं. आणखी एक सांगून ठेवतो. इथल्या न्यूमॅटिकच्या दुकानात पाव इंचाची पितळी पुश-फिटिंग्ज स्वस्तात मिळतात म्हणून कुणी ती घेऊ नये. त्यांचा आटा बहुतेक वेळा टेपर असतो. ॲक्रिलिकमध्ये आवळली की पाचर मारल्यासारखी तडा पाडतात. पॅरलल आटा आणि मुळाशी ओ-रिंग असलेलीच फिटिंग घ्यायची. टेफ्लॉन टेप लागत नाही. हातानं आवळायची, पाना लावायचा नाही.

निपाणी_इन्व्हर्टर:
वॉटर कूलिंग करा किंवा करू नका, आधी यूपीएस बघा. लाईट गेली की पंप बंद पडतो. ३०८० ला क्षणभर मोठा करंट लागतो, ६०० व्हीएच्या यूपीएसवर लगेच ट्रिप होईल. १००० व्हीए तरी पाहिजे, आणि वेव्ह साईनच हवी.

खानापूर_रोड:
यूपीएसचं त्यांनी विचारलेलं नाही. आणि लाईट गेली की पंपासोबत कार्डही बंदच होतं. तापणार काय?

पण पावसाचं मला विचारायचंय. आमच्याकडे जुलैत भिंतींनाही ओल येते. पाण्याच्या नळ्यांवर दव साचून बोर्डावर टपकणार नाही का?

घटप्रभा_काठ:
नाही. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. लूपमधलं पाणी कायम खोलीपेक्षा गरम राहतं, भाराखाली आठ-दहा अंशांनी, आणि दव गार पृष्ठभागावर धरतं. चिलर किंवा फ्रीजच्या पाण्याचा खटाटोप केला तरच ती भीती.

टिळकवाडी_थ्रीडी:
दव राहू दे. मी काय घेऊ ते सांगा. तीन प्लग म्हणजे काय? पॉवर सप्लाय ८५० वॅट आहे. कॅबिनेटला वर ३६० बसतो, पुढे २८०.

घटप्रभा_काठ:
तीन प्लग म्हणजे बोर्ड बहुधा रेफरन्स (एनव्हिडियाच्या मूळ) डिझाइनचा नाही. "३०८० साठी" एवढंच लिहिलेला ब्लॉक घेऊ नका. बहुतेक ते रेफरन्स बोर्डाचे असतात आणि तुमच्या कार्डावर चोक किंवा कपॅसिटर आडवे येतील. बाईक्सकी, अल्फाकूल यांच्या संकेतस्थळावर कार्डाच्या पूर्ण मॉडेल नंबरची यादी असते. स्टिकरवर रिव्हिजन छापलेलं असेल तर तेही जुळवा. एकाच नावाच्या कार्डाचा बोर्ड पुढच्या रिव्हिजनमध्ये बदलू शकतो.

पण ऑर्डर आज टाकू नका. आधी पॅड बदला. कार्ड उघडायला तसंही लागणारच आहे.

टिळकवाडी_थ्रीडी:
"करू नका" म्हणू नका असं वरच लिहिलं होतं.

घटप्रभा_काठ:
लूप करा की, अडवत नाही. पण तो येईपर्यंत कामं थांबवणार का? पॅडचं काम एका संध्याकाळचं आहे.

कूलर काढताना आधी कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे पेस्ट सैल होते. स्क्रू कर्णात सोडा. पंख्याच्या वायरी आखूड असतात, झटक्यानं ओढू नका. जुना पॅड जिथं दबलेला नाही तिथं व्हर्नियरनं जाडी मोजा. मेमरीवर एक, व्हीआरएमवर दुसरी जाडी निघू शकते. नवा पॅड त्याच जाडीचा आणि मऊ घ्या. उष्णतावहनाचा (वॅट प्रति मीटर केल्व्हिन) मोठा आकडा बघून कडक पॅड घेतला की कोअर नीट टेकत नाही आणि हॉटस्पॉट शंभरीला जातो. जाडीची खात्री नसेल तर थर्मल पुट्टी वापरा, दाबेल तेवढी पसरते. कोअरला पेस्ट पूर्ण पसरून लावा.

शहापूर_लिनक्स:
पॅडसोबत व्होल्टेजही उतरवा. विंडोजवर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज-क्लॉकचा कर्व्ह उघडा, ०.८५० व्होल्टचा बिंदू साधारण १८०० मेगाहर्ट्झवर न्या आणि त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच उंचीला सपाट करा. ३२० वॅटच्या जागी अडीचशेच्या आसपास लागतात. रेंडर मध्येच कोसळला तर १७७० ला या. लिनक्सवर कर्व्ह नाही, तिथं एनव्हिडिया-एसएमआयला रूट म्हणून "पीएल २५०" (पॉवरची मर्यादा २५० वॅट) द्या. रीबूटनंतर परत द्यावं लागतं, म्हणून सर्व्हिसमध्ये टाकून ठेवा.

अथणी_हार्डवेअर:
तीनशे वीसचं कार्ड घेऊन अडीचशेवर चालवायचं, मग पैसे कशाला दिले?

शहापूर_लिनक्स:
वरचे सत्तर वॅट शेवटच्या थोड्या टक्क्यांसाठी जातात, आप्पा. रात्रभराच्या रेंडरला क्लॉक स्थिर राहिला तर काम उलट लवकर संपतं.

टिळकवाडी_थ्रीडी:
पॅड बदलले, मेमरीवर पुट्टी लावली. व्होल्टेज ०.८५० केलं. मेमरी जंक्शन ८८, कोअर ६६, क्लॉक हलत नाही. काम सुरू झालंय. पण पंख्यांचा आवाज आहेच, आणि एप्रिलात खोली तापली की परत वर जाईल. लूप करायचाच आहे. आता तरी सांगा, २४० की ३६०?

घटप्रभा_काठ:
३६०, तांब्याचा, ३० मिमीच्या आसपास जाडीचा. अडीचशे वॅटला २४० भागवेल, पण पंखे जोरात फिरवावे लागतील आणि तुम्हाला आवाजच नकोय. प्रोसेसर हवेवरच ठेवा. पंप डी५ प्रकारचा. प्रवाहाच्या मोठ्या आकड्यांमागे लागू नका. मिनिटाला एक लिटर पाणी फिरलं तरी २५० वॅटला ब्लॉकमधून जाताना ते साडेतीन अंशच तापतं. दोन लिटर फिरलं तर पावणेदोन. त्याच्या वर फरक जाणवत नाही.

एप्रिलात खोली ३५ धरली तर पाणी ४५ च्या आसपास राहील. डी५ ची मर्यादा ६० अंश असते, म्हणजे पुरेशी मोकळीक आहे. पंखे कोअरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर लावा. एका फिटिंगच्या जागी सेन्सर बसतो.

खानापूर_रोड:
पाणी आरओचं चालतं का? बोअरचं तर नकोच, आमच्या बोअरच्या पाण्यानं गीझरची कॉइल पांढरी होते.

उद्यमबाग_फिटर:
आरओच्या पाण्यात क्षार उरतात, नको. डिस्टिल्ड पाण्यात मिसळायचं काँसंट्रेट मिळतं, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक दोन्ही असतात. लूप एका लिटरमध्ये भरतो. रंगीत दुधी द्रव टाळा, त्यातला रंग खाली बसून ब्लॉकच्या खाचा बुजवतो. आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा नको. तांब्याच्या ब्लॉकसोबत तोच आधी खातो, पांढरा चोथा ब्लॉकमध्ये येऊन अडकतो. स्वस्त किटात हेच असतं. गाडीच्या दुकानातले रेडिएटर सुचवणारे भेटतील, तेही बहुतेक अॅल्युमिनियमचेच.

टिळकवाडी_थ्रीडी:
गळती कशी तपासायची? कार्ड जळालं तर?

घटप्रभा_काठ:
बोर्डाच्या आणि कार्डाच्या सगळ्या पॉवर वायरी काढा. सप्लायचा फक्त पंपाला जाणारा प्लग ठेवा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार शेजारच्या काळीला जोडली की सप्लाय सुरू होतो. तारा सगळ्या काळ्या असतील तर लॅचची बाजू वर धरून तक्ता बघून १६ नंबरची पिन शोधा. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा आणि पंप रात्रभर चालू द्या. पंप कोरडा फिरवू नका. रिझर्व्हॉयर भरा, पाच सेकंद चालवा, बंद करा, परत भरा. कॅबिनेट पुढे-मागे कलवलं की रेडिएटरमधली हवा निघते.

लूपच्या सगळ्यात खालच्या जागी टी-जोड आणि बॉल व्हॉल्व्ह आत्ताच बसवा, नाहीतर पाणी बदलताना कार्डावरूनच नळी सोडावी लागेल.

टिळकवाडी_थ्रीडी:
नळी १०/१३ की १०/१६ (आतला/बाहेरचा व्यास मिमीत)?

उद्यमबाग_फिटर:
१०/१६. जाड भिंतीची नळी वळणावर चिमटत नाही. फिटिंगही १०/१६ चीच मागवा. १३ च्या कॉलरमध्ये १६ ची नळी जात नाही. दोन मीटर घ्या आणि कापताना ब्लेड काटकोनात धरा.