यात्रा संपल्यावरचं पंढरपूर : तुमचे अनुभव

आज देव्हारा पुसताना एक चपटी पुडी हाताला लागली. बुक्का. वास अजून तसाच. आणि एकदम २०२२ चा आषाढ वद्य आठवला.

कोरोनाची दोन वर्षं गेल्यावर वारी पहिल्यांदा पायी निघाली होती ते वर्ष. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिने टीव्हीवरच बघितली, आणि पौर्णिमा उलटल्यावर म्हणाली, आता ने मला. एस्टीने गेलो. स्टँडपासून देवळापर्यंत रिकामे पाल, बांबू, प्लास्टिकचे कागद, आणि दुकानदार चक्क पेपर वाचत बसलेले. रांग अशी नव्हतीच, वीसेक मिनिटांत आत. आई पायांवर डोकं ठेवून उठली तरी कोणी "माउली, चला पुढे" म्हणेना. ती गोंधळलीच. इतका वेळ मिळेल असं तिला वाटलंच नव्हतं. मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि हळूच म्हणाली, "पावणेचारची गाडी आहे, निघते हं." मावशीकडून निघताना म्हणते तसं.

बाहेर येऊन मात्र कुरकुर. गर्दी नाही तर पंढरपूर वाटतच नाही म्हणे!

तुम्ही कोणी गेलाय का असं, जत्रा उठून गेल्यावर? पंढरपूरच हवं असं नाही. लिहा.

कुरडूवाडीकर : प्रक्षाळपूजा झाली होती का तुम्ही गेलात तेव्हा? यात्रेत चोवीस तास दर्शन चालू असतं, म्हणून देवाचा शेजघरातला पलंग काढून ठेवतात. देव झोपतच नाही. पाठीला टेकायला लोड देतात. सगळे गेले की प्रक्षाळपूजा. पायाला लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने अंघोळ, रात्री काढा. मग पलंग परत आत. आमचे आजोबा यात्रेला कधी गेले नाहीत, प्रक्षाळपूजेनंतर जायचे. "दमलेल्या माणसाकडे पाहुणा म्हणून जाऊ नये" म्हणायचे.

पोळीभाजी : काढ्याची रेसिपी मिळेल का :)

रानजाई : आमच्या घरचा सुंठ, मिरी, गवती चहा, गूळ. देवाचा वेगळा असणार.
मला खूप लिहायचंय या धाग्यावर. कुकर लावलाय, येते.

प्रदक्षिणारोड : आम्ही तिथलेच. आमच्यात वारी म्हणत नाहीत, यात्रा म्हणतात. तुम्हा लोकांना यात्रा म्हणजे एकादशी, आम्हाला यात्रा म्हणजे त्यानंतरचे पंधरा दिवस. घरात चाळीसेक माणसं उतरलेली असायची, वरच्या माळवदावर, जिन्यात, चुलीपाशी. ती गोपाळकाल्याला गोपाळपूरला जाऊन परस्पर गावी. मग आई आणि काकू सतरंज्या घेऊन नदीवर. गावभर ब्लीचिंग पावडरचा वास, माश्या, निम्म्या गल्लीचा घसा बसलेला. शाळेतही वारकरी उतरलेले असायचे, त्यामुळे शाळा उशिरा भरायची आणि पहिल्या दिवशी फळ्यावर कोणीतरी खडूने अभंग लिहिलेला असायचा. बाई दोन दिवस तो पुसायच्या नाहीत.

आम्ही पोरं वाळवंटात चाळणी घेऊन. यात्रेकरूंनी टाकलेली नाणी! दोऱ्याला लोहचुंबक बांधून पण काढायचो. एका वर्षी माझी कमाई सव्वीस रुपये होती, त्याची भेळ खाल्ली आणि आजारी पडलो. बाकी वाळवंट फार दिवस मोकळं राहत नाही. उजनी आणि वीर धरणांचं पाणी सुटलं की दगडी पूल गेलाच, पुंडलिकाच्या देवळाचा नुसता कळस दिसतो.

दुकानदार पेपर वाचतात ते खरंय. पण तो आराम नसतो. चुरमुरे-बत्तासे किती उरले, उधारी किती झाली ते डोक्यात चालू असतं. आषाढीला पाऊस झाला की कार्तिकीवर भिस्त.

साखरफुटाणा : सव्वीस रुपये म्हणजे काय गंमत आहे का त्या काळी. श्रीमंत हाय की तुम्ही.

नीराकाठ : परतवारीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. माझे काका आळंदीच्या पालखीबरोबर परत चालत यायचे. जाताना अठरा-वीस दिवस, येताना दहाएक दिवसांत आळंदी. रोजची चाल मोठी, माणसं मोजकी, पाऊस डोक्यावर. काका सांगायचे, जाताना केळी नको नको होतात, येताना चहा विचारणारं कुणी नसतं. त्याच गावात, त्याच पारावर. पण वाल्हे की जेजुरी, कुठेतरी एक म्हातारी दरवर्षी परतीलाच पिठलं-भाकरी घेऊन उभी असायची. जाताना कधीच नाही. जाताना द्यायला सगळे आहेत की, म्हणायची.

कुरडूवाडीकर : वा. म्हातारी आवडली.

ठाणेकर_मुक्काम : आमचा तुळजापूरचा पोपट ऐका. दसरा झाला, आता गर्दी ओसरली असेल म्हणून कुलदेवतेला सहकुटुंब गेलो. सासूबाई पुरणाची तयारी घेऊन. तर सिंहासन रिकामं! दसऱ्याला सीमोल्लंघन करून देवी पलंगावर निजते, ती थेट कोजागरीला उठते. श्रमनिद्रा म्हणतात. नऊ रात्री महिषासुराशी लढली, झोपणारच. पुजारी म्हणाले, अभिषेक नाही होणार, आवाज न करता दर्शन घ्या. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, बाहेर येईपर्यंत चवड्यावर चालला. मोबाइलसुद्धा सायलेंट करायला लावला त्याने सगळ्यांना.

पोळीभाजी : चवड्यावर!! किती गोड.

हिशोबी : लॉजचा फरक सांगतो. एकादशीच्या आठवड्यात जी खोली अडीच हजाराला, तीच नंतर सहाशेला मिळाली. गरम पाणी दोन्ही वेळेला नाही.

मितवा७१ : २०२० नोव्हेंबर. पाडव्याला, १६ तारखेला राज्यातली देवळं उघडली, त्यानंतरच्या आठवड्यात गेलो होतो. मी आणि भाऊ. बाबांच्या अस्थी घेऊन. बाबांच्या सदतीस वाऱ्या झाल्या होत्या, त्या वर्षी पादुका एस्टीने गेल्या ते त्यांनी दवाखान्यात फोनवर बघितलं. घाटावर होडीवाला एकटाच बसलेला. पैसे घेतले नाहीत. लांबून मुखदर्शन घेऊन लगेच निघालो. एवढंच.

रानजाई : मितवा, काय लिहू. नमस्कार त्यांना.

नीराकाठ : __/\__

प्रदक्षिणारोड : मितवा, पुढच्या वेळी याल तेव्हा घरी या. खरंच.

रानजाई : कुकर झाला, वरण उतू गेलं, आता लिहिते. ज्यांना शांतता हवी त्यांनी मार्गशीर्षात जा. फक्त तेव्हा देव देवळात नसतो :) गोपाळपूरजवळ नदीत विष्णुपदाचं देऊळ आहे, तिथे मुक्कामाला गेलेला असतो अशी समजूत. मग गाव पण डबे घेऊन त्याच्या मागे. होडीने जायचं, वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, शेंगाचटणी, दही. माझं माहेर सोलापूर, दरवर्षी जायचो. आणि कैकाडी महाराजांचा मठ! त्या बोळातून मूर्ती बघत बघत मी एकदा मामाच्या ऐवजी भलत्याच माणसाचं बोट धरून बाहेर आले होते. तो माणूस पण बराच वेळ गप्प चालत होता.

साखरफुटाणा : त्याला वाटलं असेल विठ्ठलाने दिली.

रानजाई : मामाला सांगितलं पाहिजे हे.

हिशोबी : यात्रेनंतर घोंगडी स्वस्त मिळते का? उरलेला माल असतो ना.

प्रदक्षिणारोड : घासाघीस करायला दुकानदाराला वेळ असतो, एवढंच. हाताने विणलेली बघून घ्या, टोचली पाहिजे. मऊ लागली तर सोडून द्या.

ठाणेकर_मुक्काम : आमच्याकडची टोचते म्हणून कोणी वापरत नाही, नुसती पडून आहे. धुवायची कशी?

प्रदक्षिणारोड : धुवू नका हो! उन्हात टाका, काठीने झोडा, आणि सासऱ्यांना द्या. ते वापरतील.