रात्री एकट्याने काम करणाऱ्यांसाठी सेफ्टी ॲप, कोणी वापरलंय का? (साक्री, जि. धुळे)

पवनचक्की_साक्री
राम राम मंडळी. ब्राह्मणवेल-छडवेल पट्ट्यात पवनचक्क्यांवर रखवालदार पुरवायचं आमचं काम आहे. एका माणसाकडे चार-पाच चक्क्या, संध्याकाळी डबा घेऊन टेकडीवर चढला की सकाळीच उतरतो, मधे कोणाशी बोलणं झालं तर झालं. पावसाळ्यात वर एवढं धुकं की बॅटरीचा उजेड दहा पावलं जात नाही, आणि केबलसाठी चोरटे टोळीने येतात हे इकडच्यांना सांगायला नको. आता एक सॉफ्टवेअर कंपनी मागे लागलीय, म्हणे मोबाइलमध्ये ॲप टाका, माणूस ठरावीक वेळाने 'मी ठीक आहे' दाबेल, नाही दाबलं तर अलार्म, पडला तरी अलार्म. दर माणशी महिन्याला पैसे. पैसे द्यायला मी तयार आहे, पण डेमो ऑफिसात बसून दाखवला आणि आमच्याकडे रेंज म्हणजे एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तर दोन काड्या. तिथे हे चालेल का? कंपनीला नेमकं काय विचारू?

अमळनेरकर_पुण्यात
राम राम भाऊ. मी अशाच सॉफ्टवेअरवर काम करतो, तुमच्याकडे आलेली कंपनी माझी नाही. पहिला प्रश्न हाच विचारा की टायमर फोनमध्ये चालतो का सर्व्हरवर. सर्व्हरवरच पाहिजे. म्हणजे फोन फुटला, बॅटरी गेली, कोणी हिसकावला तरी तिकडे घड्याळ चालूच राहतं आणि वेळेत निरोप आला नाही की अलार्म वाजतो. पडल्याचा सेन्सर चांगला आहे पण त्याच्या भरवशावर राहू नका, तो जोराचा झटका आणि नंतर हालचाल बंद असं बघतो, बसल्या जागी शुद्ध हरपली तर कळेलच असं नाही आणि फोन खाटेवर फेकला तरी बोंबलतो. रेंज कमी असेल तर निरोप साध्या एसएमएसने जातो का ते वर दगडापाशी नेऊन तपासा, इंटरनेट बंद असलं तरी एसएमएस बऱ्याचदा निघून जातो. आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नादात फोन स्वतःच ॲप बंद करतो, ती सेटिंग प्रत्येक फोनवर हाताने बदलावी लागते.

परदेशात अशा जागी सॅटेलाइटचं यंत्र देतात. आपल्याकडे ते परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे, कोणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नका. त्यापेक्षा लोरा रेडिओचं बटण बघा, म्हणजे मोबाइलच्या रेंजशिवाय छोटा निरोप लांब पाठवणारा कमी बॅटरीचा रेडिओ, 865 ते 867 मेगाहर्ट्झला इथे परवाना लागत नाही आणि उंच टेकडीवर ते लांबपर्यंत पोचतं.

चोरट्यांसाठी गुप्त पिन मागा. धमकावून 'सब ठीक' दाबायला लावलं तर माणूस वेगळा पिन टाकतो, स्क्रीनवर नेहमीसारखंच दिसतं पण कंट्रोल रूमला कळतं.

केळीबाग_यावल
आमच्याकडे केळीला पाणी द्यायची तीच गत, लाइट रात्रीची आली की गडी एकटाच शेतात, पायाखाली काय आहे दिसत नाही, मण्यार चावली तर कधीकधी कळतसुद्धा नाही. आम्ही ॲप न घेता मिस कॉलवर चालवतो. पण खरं काम पुढचं आहे भो! मिस कॉल आला नाही तर उठून कोण जाणार, त्याचं नाव रोज संध्याकाळी ठरलेलं असतं, त्याच्या गाडीत पेट्रोल असतं आणि त्याला तो बांध अंधारात सापडतो. 108 ला फोन केला तर गट नंबर सांगून ड्रायव्हरला काही कळत नाही, म्हणून फाट्यावर ज्याच्या त्याच्या मळ्याचे बोर्ड लावलेत. सापाची लस कोणत्या दवाखान्यात आहे हे आधीच विचारून ठेवतो. तुमच्या कंपनीचा अलार्म वाजेल हो, पण टेकडी कोण चढणार?

रातपाळी_नंदुरबार
मी बी असंच ॲप वापरेल आहे, सोलरवर. सुरुवातीला बरं वाटलं, घरची निर्धास्त झाली. मग सुपरवायझर त्याच्यावर हजेरी लावायला लागला, बटण दाबायला उशीर झाला की 'झोपला होता' म्हणून पगार कापायचा, रात्रभर लोकेशन बघत बसायचा. पोरांनी काय केलं, तिघांचे फोन एकाकडे ठेवले आणि तोच तिघांचं बटण दाबायचा. एखादा खरंच पडला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. शेठ, हात जोडून सांगतो, याला पगाराशी जोडू नका.

अमळनेरकर_पुण्यात
वरच्या भाऊंचं शंभर टक्के बरोबर. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नियमच आहे की किती वेळाने विचारपूस करायची आणि संपर्क झाला नाही तर काय करायचं ते लेखी पाहिजे आणि कामगाराशी बोलून ठरवायचं, शिवाय पाळी संपल्यावर एकदा विचारायचंच. लोकेशन फक्त अलार्म झाल्यावर उघडेल अशी सेटिंग असते, कंपनीकडून ती चालू करून घ्या.

पवनचक्की_साक्री
सगळ्यांचे आभार. कंपनीला निरोप दिलाय की आधी वर चला, आषाढातल्या धुक्यात ट्रायल द्या, मग पैशाचं बोलू. रात्री दोन वाजता अलार्म आला तर फोन उचलणारा कुठे बसतो हेही विचारलं, तर म्हणे बंगळुरूला, त्याला आमच्या पोराची अहिराणी काय कळणार. म्हणून पहिला फोन पायथ्याच्या गावातल्या आमच्याच दोन माणसांना जाईल आणि जायची पाळी त्यांची, तसा वेगळा भत्ता देतोय. हजेरीचं रजिस्टर वेगळंच राहील. धुळे-नंदुरबारकडे लोराचं बटण बसवून देणारा कोणी माहीत असेल तर इथेच सांगा.