लिंबाच्या केकमध्ये आंबटपणा टिकवायचा कसा?

शर्वरी: सासूबाईंच्या पंचाहत्तरीला लिंबाचा केक करायचाय, बिनअंड्याचा. दही-सोडा घालून हलका छान होतो, पण आंबटपणा जाणवतच नाही. दोन कागदी लिंबांचा रस घालते. वाढवू का?

मीनलताई: नको गं. सोडा आंबटपणा मारतो, आणि जास्त रसाने केक गिच्च होतो. वास सालीत असतो. कागदी लिंबाची साल पातळ, म्हणून बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरव. खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. कीस साखरेत घालून बोटांनी चोळ. साखर ओलसर होते, घरभर घमघमाट सुटतो! मला तर केकपेक्षा हे चोळणंच आवडतं.

खवय्या_नाशिक: रस केक भाजून झाल्यावर घाल. पिठीसाखर रसात विरघळव, गरम केकला टोचे मार आणि चमच्याने सोड. कापायची घाई नको, रात्रभर मुरू दे.

शर्वरी: वा! मध्ये लेमन कर्डचा, म्हणजे लिंबाच्या घट्ट आंबटगोड क्रीमचा, थर दिला तर?

मीनलताई: त्यात अंडी असतात. तू कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून घट्ट कर, उतरवल्यावर लोणी आणि रस घाल. पातेलं स्टीलचंच घे, ॲल्युमिनियमला आंबट चालत नाही.